टाकीत कोण कोण राहणार

१२ नोव्हेंबर

हिने बोट दाखवलं!

आधी एवढं लिहून ठेवतो, मग श्वास घेतो. वर्षभरात पहिल्यांदा हिला काहीतरी हवंय!

मास्तरीणबाईंकडून निघालो होतो. मास्तरीणबाई म्हणजे हिला पुन्हा बोलायला शिकवणारी ती पोरगी. आमच्या मुलीपेक्षा लहान, पण गृहपाठ असा देते की मलाच घाम फुटतो. आज तासभर चित्रं दाखवून झाली. पंखा, कप, घोडा. प्रत्येक चित्राला हिचं एकच उत्तर — 'परंतु.'

झटका आला त्या दिवसापासून हिच्याकडे एवढा एकच शब्द उरलाय. पस्तीस वर्षं वकिली केलेली बाई! हिचा उलटतपास सुरू झाला की साक्षीदार आधी घसा खाकरायचे, मग रुमाल काढायचे, मग पाणी मागायचे. त्या सगळ्या शब्दांतून मेंदूने मागे काय ठेवलं? 'परंतु.' भूक लागली — परंतु. पाय दुखतोय — परंतु. मी वेंधळेपणा केला — परंतु!! सुरावरून ओळखायचं. मी आता त्यात पदवीधर झालोय.

तर शेजारीच शोभेच्या माशांचं दुकान आहे. ऊन रणरणत होतं म्हणून आत शिरलो. ही काठी टेकत टेकत चालली होती, एका टाकीपाशी थांबली, आणि डावा हात वर — बोट! सरळ! 'परंतु!' दुकानातले सगळे वळून बघायला लागले.

टाकीत एकच मासा. असला मासा मी जन्मात पाहिला नव्हता. अंगावर तांबडे-पांढरे पट्टे, चारी बाजूंनी पिसारा, जणू कोणी न्यायमूर्ती झगा घालून तरंगतायत आणि खाली बघायला त्यांना फुरसत नाही.

'लायनफिश,' दुकानदार म्हणाला. 'बुटक्या जातीचा. पण काट्यांत विष आहे हां, काका.'

मी हिला विचारलं, हा हवा? पुन्हा बोट. 'परंतु!!'

टाकी नाही, समुद्राचं पाणी नाही, अक्कल तर नाहीच नाही. पण ठरलं म्हणजे ठरलं!

१३ नोव्हेंबर

मुलीचा फोन. 'बाबा, विषारी मासा? घरात? आई धड उभी राहत नाही आणि तुम्ही...' मग, 'गोल्डफिश आणा ना, साधे!'

म्हटलं, तुझी आई गोल्डफिशवाली बाई आहे का?

पलीकडून हसू दाबल्याचा आवाज. जिंकलो!

पण फोन ठेवता ठेवता ते आलंच. 'मी फेब्रुवारीत येतेय. तेव्हा आईचं नीट ठरवू.' नीट ठरवू म्हणजे हिला तिकडे, तिच्या घरी नेणं. विमानाने जावं लागतं एवढं लांब. 'तुम्हाला एकट्याला झेपत नाहीये, बाबा.'

झेपतंय! न झेपायला काय झालं? दूध उतू जातं कधीमधी. ते ही बोलत होती तेव्हाही जायचं.

१५ नोव्हेंबर

दुकानदाराला मी मनातल्या मनात कॅप्टन म्हणतो. जहाजावरच्या कप्तानाची टोपी घालतो. विचारलं, किती वर्षं होतात बोटीवर? म्हणाला, 'छे हो, मला बोट लागते.'

पण माशांतलं त्याला सगळं कळतं. आज त्याने मला शहाणं करून सोडलं. शिकारी मासे पाळायचे तर एक गोष्ट पाठ करायची — 'तोंडात मावेल ते जेवण.' शेजारी नाही, मित्र नाही, जेवण! लायनफिशचं तोंड रबरासारखं ताणतं. त्याच्या निम्म्या लांबीचा मासा तो घोटभर पाण्याबरोबर आत घेतो आणि चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलत नाही.

'मग त्याच्याबरोबर ठेवायचं कोण?' मी.

'तेच तर कोडं आहे,' कॅप्टन म्हणाला. 'लहान ठेवलात तर हा खाणार. दांडगा ठेवलात तर तो ह्याला फाडणार. हा दिसतो राजासारखा, पण आहे संथ. पळणं माहीत नाही.'

घरी येऊन हिला सगळं समजावलं. ही लक्ष देऊन ऐकत होती! कपाळावर ती उभी आठी — खटल्याचे कागद वाचताना पडायची तीच!

१६ नोव्हेंबर

मी जन्मभर लिफ्ट तपासल्या. 'सहा माणसांपुरती' ही पाटी खरी आहे की नाही हे बघणं माझं काम. म्हणून जमिनीचा भार काढला. टाकी पाच फूट लांब, दोन रुंद, दोन उंच. पाणी, दगड, काच, लोखंडी स्टँड — पाऊण टनाच्या घरात जातं. दिवाणखान्याच्या मधोमध नाही ठेवायची. आतल्या भिंतीला, खाली तुळई आहे तिथे.

खालच्या मजल्यावरचे गृहस्थ जिन्यात भेटले. 'काय हो, हत्ती आणताय म्हणे?' म्हटलं, नाही, समुद्र. त्यांनी वर बघितलं. त्यांच्या छताकडे.

२१ नोव्हेंबर

टाकी आली. लिफ्टमध्ये मावेना. दोन इंचांनी! ज्या लिफ्टला मी स्वतः पास केलं होतं तिने मला दारातच नापास केलं. शेवटी चार हमाल जिन्यावरून घेऊन आले. मी पुढे 'सावकाश, सावकाश' ओरडत उलटा चढत होतो. एक हमाल म्हणाला, 'काका, टाकी आम्ही सांभाळतो, तुम्हाला कोणीतरी सांभाळा.'

ही दारात खुर्ची टाकून बसली होती. हसली. आवाज न करता, तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून. पण हसली!

२२ नोव्हेंबर

दिवसभर पाण्यात मीठ कालवलं. समुद्र तयार. चव घेतली. थू!

६ डिसेंबर

टाकीत नुसतं पाणी आणि दगड. मासे अजून सोडायचे नाहीत. आधी पाण्यात जिवाणू रुजावे लागतात, ते माशांची घाण पचवतात. नाहीतर, कॅप्टनच्या शब्दांत, 'मासा स्वतःच्याच मुतात मरतो, काका.'

येणारा-जाणारा विचारतो, मासे कुठेत? म्हणतो, वाट बघा. लोकांना वाटतं ह्याला पण झटका आला.

ही मात्र रोज सकाळी समोर जाऊन बसते. आज दगडावर एक बारका किडा दिसला, दगडाबरोबर आलेला. हिने मला खुणेने बोलावून दाखवला. दोघं कपाळाला कपाळ लावून तो किडा बघत राहिलो. चहा गार झाला. आम्हाला कितीतरी दिवसांत बघायला असं एक काही नव्हतं. मी हिच्याकडे बघायचो आणि ही भिंतीकडे.

१८ डिसेंबर

पाणी पास!! बाटलीत नमुना नेला होता. कॅप्टनने थेंब टाकले, रंग बघितला आणि टोपी काढून म्हणाला, 'या, आता बिऱ्हाडं ठरवू.'

ही स्टुलावर बसली आणि कॅप्टन एकेका माशाची बाजू मांडायला लागला. अक्षरशः कोर्ट भरलं! हिचा 'परंतु' वर गेला की होय, खाली पडला की नाही.

नारिंगी क्लाऊनफिश. गोड. 'दोन घासांत संपतील,' कॅप्टन म्हणाला. परंतु, खाली.

निळे डॅमसेल. 'एका घासात.' खाली.

फॉक्सफेस. पिवळाधमक, वीतभर, तोंड कोल्ह्यासारखं. खातो शेवाळ, पण पाठीवर स्वतःचे विषारी काटे. 'ह्याच्या वाटेला कोणी जात नाही आणि हाही कोणाच्या वाटेला जात नाही.' हिने बराच वेळ बघितलं. परंतु — वर!

मग ईल. वाम म्हणा, पण अंगावर पांढऱ्या चिंध्यांची नक्षी. दगडाच्या फटीतून नुसतं डोकं बाहेर काढून तोंड उघडझाप करत होती. 'दिसतं कमी हिला, वासावर चालते. माशांना फारसा त्रास नाही, कोळंबीवर जीव. फक्त झाकण घट्ट लावा. पळून जाण्यात पटाईत.' परंतु — एवढा वर की कॅप्टन दचकला!

मी एका कोपऱ्यात दुसरीच एक टाकी बघत होतो. ट्रिगरफिश! काळ्या अंगावर मोठे पांढरे ठिपके, ओठांना पिवळी लिपस्टिक. 'हा?' मी विचारलं. कॅप्टन म्हणाला, 'नाव काढू नका. लायनचा पिसारा एका दिवसात ओरबाडेल.' आणि हिचा परंतु खाली. धाडकन.

२० डिसेंबर

आले! आधी फॉक्सफेस, मग ईल, शेवटी लायन. पिशव्या तासभर पाण्यावर तरंगत ठेवल्या, मग थोडं थोडं पाणी मिसळत सोडले. पिशवी माझ्या हातातून निसटणार एवढ्यात हिने डाव्या हाताने माझं मनगट धरलं.

नावं पडली. लायन म्हणजे न्यायमूर्ती. फटीतून डोकावणारी ईल म्हणजे बेलीफ. समन्स घेऊन दाराशी टपून बसल्यासारखी. फॉक्सफेस पिवळी मावशी. कोणाच्या अध्यात नाही, दिवसभर काहीतरी कुरतडत असते.

नावं मी सांगितली तेव्हा ही पुन्हा हसली. आज आवाज आला!

२४ डिसेंबर

न्यायमूर्ती जेवत नाहीत. मेलेल्या कोळंबीकडे बघतसुद्धा नाहीत. कॅप्टन म्हणाला, 'त्याला जिवंत खायची सवय. काठीच्या टोकाला लावून हलवा. जिवंत आहे असं वाटलं पाहिजे.'

मी हलवली. न्यायमूर्तींनी पाठ फिरवली. मी नाचवली. ते दगडामागे गेले. मग हिने माझ्या हातातून काठी काढून घेतली.

२९ डिसेंबर

खाल्लं!!!

हिने अशी काही काठी हलवली — थोडी, मग थांबली, मग जराशी, जणू कोळंबी आता पळेल — न्यायमूर्ती पिसारा पसरून हळूहळू पुढे आले, आले, आले आणि गप्! दिसलंच नाही. काठी रिकामी. ही अशी बघते माझ्याकडे की जणू निकाल हिच्या बाजूने लागलाय आणि खर्चासकट लागलाय!

मुलीला फोन केला. 'बाबा, तुम्ही रडताय का?' नाही गं, खारं पाणी उडालंय.

८ जानेवारी

मास्तरीणबाई आता घरीच येतात. शिकवणी टाकीसमोर. 'काकू, हा काय? मा...?' परंतु. 'पा...?' परंतु. मास्तरीणबाई हार मानत नाहीत. जाताना दारात मला हळूच म्हणाल्या, 'आता नजर वेगळी आहे, काका. पूर्वी त्या माझा वेळ संपण्याची वाट बघायच्या. आज मला थांबवत होत्या.'

१६ जानेवारी

मी ट्रिगर आणला.

मला माहितीये, माहितीये! नुसतं पाणी तपासायला गेलो होतो. तो तिथेच होता. मी टाकीपुढे इकडून तिकडे गेलो, तो पण आतून इकडून तिकडे. डोळे फिरवतो! ओळख दाखवतो! कॅप्टन म्हणाला, 'काका, आज लहान आहे. मोठा झाला की गुंड होईल.' म्हटलं, लहानपणापासून चांगल्या घरात वाढला तर? कॅप्टनने टोपी डोळ्यांवर ओढून घेतली. 'तुमचा हट्ट. परत घेऊन याल तेव्हा मी इथेच आहे.'

ही दुपारची झोपली होती. गुपचूप सोडला. उठल्यावर मजा येईल.

मजा नाही आली. हिने बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. साधा परंतुसुद्धा नाही. पण ट्रिगर मात्र शहाण्यासारखा कोपऱ्यात उभा आहे. बघा! कॅप्टन उगाच घाबरवतो.

१७ जानेवारी

लिहिणार. लिहिणारच!

सकाळी मी स्वयंपाकघरात. बाहेरून ओरडणं — 'काढ!'

मला वाटलं शेजारच्या घरातून आलं. पुन्हा. 'काढ! काढ!!'

हिचा आवाज. हिचा! चौदा महिन्यांनी! बाहेर धावलो तर ही उभी, काठीशिवाय, काचेवर थापा मारतेय. आत न्यायमूर्ती भिंतीला चिकटलेत, पिसाऱ्याची दोन टोकं कुरतडलेली, आणि तो लिपस्टिकवाला तिसऱ्यावर तुटून पडलाय.

मी काय करावं? मी हिला मिठी मारली! 'काय म्हणालीस? परत म्हण!' ही मला ढकलतेय, 'काढ!' मी म्हणतोय, 'परत म्हण!' बिचारे न्यायमूर्ती!

आणि एक गोष्ट. चाळीस वर्षं ही मला 'अहो' म्हणत आली. 'हे आणा', 'ते ठेवा.' आज 'काढा' नाही — 'काढ'! आयुष्यात इतक्या आनंदाने मी कधी एकेरी ऐकून घेतलं नव्हतं.

काढणं सोपं नव्हतं. जाळी दिसताच तो दगडाच्या फटीत घुसला आणि पाठीचा काटा उभारून स्वतःला अडकवून बसला. ओढला तरी हलेना. शेवटी तो दगडच उचलून बादलीत ठेवला, ट्रिगरसकट, आणि तसाच दुकानात नेला. भिजलेली बाही, पायात दोन वेगवेगळ्या चपला. कॅप्टन तोंड उघडणार एवढ्यात मी ओरडलो, 'ती बोलली!' त्याने बादली घेतली, टोपी काढली. मग म्हणाला, 'आणखी एक ट्रिगर देऊ का?'

पिसारा भरून येतो म्हणाला. येऊ दे रे देवा, येऊ दे.

१८ जानेवारी

चहा हवा — काढ. पडदा लावा — काढ. मास्तरीणबाई आल्या — काढ!

आता घरात दोन शब्द. श्रीमंती आली!

२६ जानेवारी

'मीठ.' मी नवीन पाणी कालवत होतो तर मागून हलकेच, 'मीठ.' आणि मान हलवली. मोजून बघितलं. खरंच कमी पडलं होतं!

न्यायमूर्तींचा पिसारा टोकाला पांढुरका दिसतोय. कॅप्टन म्हणतो तेच नवीन.

२ फेब्रुवारी

'मूर्ख.' मला उद्देशून. स्पष्ट. जोडाक्षरासकट! मास्तरीणबाईंनी टाळ्या वाजवल्या. मी पण.

८ फेब्रुवारी

मुलगी आली. तिच्या पर्समध्ये तिकडच्या उपचार केंद्राची माहिती, फोटोंसकट. मोठी बाग आहे म्हणे. 'आईला तिथे माणसं मिळतील, बाबा. इथे काय, तुम्ही आणि हे...' टाकीकडे हात केला. बेलीफने नेमकं त्याच वेळी तोंड उघडलं.

पोरीचं चुकत नाही. तिने गेल्या खेपेला हिला पाहिलं तेव्हा ही दिवसभर पलंगावर भिंतीकडे तोंड करून असायची. आणि मी पाहुण्यासारखा माझ्याच घरात वावरत होतो. पोरीच्या डोळ्यांपुढे अजून तेच आहे.

१० फेब्रुवारी

काय सकाळ! काय सकाळ!!

मुलीने काल आईच्या मागे लागून स्वतः माशांना भरवलं आणि झाकण नीट बसवलं नाही. सकाळी बघतो तर बेलीफ गायब. दगड हलवले, फिल्टर उघडला. नाही! मी जमिनीवर आडवा पडून सोफ्याखाली. मुलगी म्हणाली, 'थांबा, टॉर्च देते,' आणि तिने आपल्या उघड्या सुटकेसमध्ये हात घातला.

अशी किंकाळी मी तिच्या जन्मानंतर ऐकली नव्हती.

बेलीफ तिच्या स्वेटरमध्ये! ओली, गुळगुळीत, श्वास चाललेला. मुलगी खुर्चीवर चढली. मी हाताने धरायला गेलो, निसटली. पुन्हा गेलो, कपाटाखाली. मी काय बडबडत होतो देव जाणे.

आणि मग मागून, एकदम थंड, कोर्टातला आवाज — 'टॉवेल.'

दोघंही वळलो.

'ओला,' ही म्हणाली. 'ओला... टॉवेल.'

मी आणला. हिने एका हाताने तो कपाटाच्या तोंडाशी पसरला, माझ्याकडे बघून काठी आपटली. म्हणजे दुसऱ्या बाजूने मी हाकायचं. बेलीफ निमूट टॉवेलात आली. टाकीत सोडली. क्षणभर तशीच पडून राहिली. आम्ही दोघं काचेला नाक लावून. मग शेपटी हलली, आणि बाई फटीत जाऊन, डोकं बाहेर काढून, तोंड उघडझाप. जणू काही झालंच नाही, तुम्ही कोण?

मुलगी खुर्चीवरून उतरली नव्हती. 'आई,' ती म्हणाली, 'तू बोललीस.' मग हसायला लागली, मग रडायला, मग दोन्ही एकदम. स्वेटर धुवायला टाकलाय. वास जाणार नाही.

११ फेब्रुवारी

मुलीने ते फोटो आईपुढे ठेवले. नीट, प्रेमाने समजावलं. माझ्याकडे बघायचंही टाळलं, म्हणजे मी मध्ये पडलो असं होऊ नये. शहाणी आहे. मी नखं बघत बसलो.

हिने सगळे फोटो पाहिले. एकेक. बागेचा फोटो तर दोनदा. मग गठ्ठा नीट केला, मुलीच्या हातात दिला, तिच्या गालावरून हात फिरवला.

'नको,' ही म्हणाली. आणि बोटाने आधी टाकी दाखवली. मग मी.

टाकी आधी. चालेल! मला काही म्हणणं नाही!

१४ फेब्रुवारी

मुलगी गेली. विमानतळावर म्हणाली, 'रोज फोन करा. आईला द्या फोन. ती काही बोलली नाही तरी द्या.' आणि मग, 'बाबा, दूध उतू गेलं तर जाऊ दे.'

५ मार्च

आज जे झालं ते मी कोणालाही सांगणार नाही. वही, तुलाच सांगतो.

मास्तरीणबाईंनी हिला एक खेळ दिलाय. जुनी एखादी गोष्ट तीन-चार शब्दांत सांगायची. हिने मला समोर बसवलं. 'दुकान,' म्हणाली. हो, कॅप्टनचं. 'पाय.' पाय? 'पाय... दुखला.' बरं. 'बोट,' आणि बोट दाखवून दाखवलं. हो, तू बोट दाखवलंस, लायनफिश! सगळं तिथून तर सुरू झालं!

मान जोरजोरात हलवली. नाही.

'स्टूल.'

काही कळेना. मग कळलं. लायनच्या टाकीखाली ते स्टूल! हिचे पाय दुखत होते! हिला बसायचं होतं! बाई बोट दाखवून स्टूल मागत होती आणि मी पाऊण टन समुद्र घरी आणला!!

मी म्हणालो, 'म्हणजे तुला मासा...?'

'नको. होता.'

आणि असे हसलो! ही एवढी हसली की ठसका लागला, पाणी पाजलं, पाणी पिता पिता पुन्हा हसली आणि सगळं माझ्या अंगावर! खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर आले, त्यांना वाटलं टाकी फुटली. आम्ही दोघं जमिनीवर बसलेलो, ओलेचिंब, बोलता येईना. हिला येईना ते एक वेळ ठीक, मला पण येईना!

मग डोळे पुसून विचारलं, 'परत देऊ सगळे?'

ही एकदम गंभीर. न्यायमूर्ती काचेजवळ आले होते, जेवायची वेळ. 'आता,' म्हणाली, 'माझा.'

१९ मार्च

'अहो' म्हणाली.

१० एप्रिल

न्यायमूर्तींचा पिसारा पूर्ण भरला. कॅप्टन मुद्दाम बघायला आला, टोपी इस्त्री करून. म्हणाला, टाकीत अजून एकाची जागा आहे, माझ्याकडे एक सुंदर ग्रूपर आलाय, तळहाताएवढा.

'मोठा,' ही म्हणाली.

'नाही ताई, लहान आहे.'

'मोठा... होणार?'

कॅप्टनने मान खाजवली. 'होईल. तीन वर्षांत... होईल दोन फूट.'

'मग? मावशी?'

'मावशी... म्हणजे...' कॅप्टन माझ्याकडे बघायला लागला. मी छताकडे बघितलं. ज्याचं त्याने बघावं! 'हो ताई. तेव्हा मावशी तोंडात मावेल.'

'मग... का आणला?'

कॅप्टनने रुमाल काढला! खरंच काढला! कपाळ पुसलं आणि पाणी मागितलं! मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून नाचलो.

२४ एप्रिल

आज काही विशेष नाही, म्हणूनच लिहितोय. तिन्ही मासे जेवले. ही सकाळी मुलीशी फोनवर बोलली, चार-पाच वाक्यं, मधूनमधून अडकत. एकदा शब्द सापडेना तर चिडली, काठी आपटली, आणि मुलगी पलीकडून घाई न करता थांबली. शब्द सापडला. 'लोणी.' कशाबद्दल होतं ते मला माहीत नाही. त्या दोघींचं चालू होतं.

मी दाराआडून ऐकत होतो. मला कोणी बोलावलं नाही. किती छान वाटलं!

उद्या पाणी बदलायचं. बादल्या काढून ठेवल्यात. ही म्हणते माणूस बोलवा. म्हटलं, जन्मभर लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेला माणूस आहे मी. दोन बादल्यांना काय घाबरतो!

२६ एप्रिल

हे पडले. बादली. ओली फरशी.

उजवा हात मोडला. प्लास्टर. डोकं ठीक.

फोन मी केला. नाव सांगितलं. पत्ता. मजला पण. गाडी आली.

उद्या घरी.

मासे जेवले.

वही सापडली. वाचली. सगळी.

आल्यावर बोलू.